चार वेळा तीनशे सत्तेचाळीस

"बाकी शून्य!" हरीश ओरडला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मार्च २००७ मधल्या एका रविवारची दुपार. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या भाड्याच्या सभागृहात सव्वाशे मराठी माणसं दाटीवाटीने बसली होती. निम्मी गाड्यांच्या कारखान्यांतली, निम्मी संगणकवाली. दाराशी ओल्या बुटांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर. धुराने आगीची घंटा वाजेल म्हणून हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा जर्मन, दर दहा मिनिटांनी डोकावून जात होता. समोर भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि त्या उजेडात एकच संख्या: ३४७३४७३४७३४७.

तिच्याशेजारी उंच आसनावर अंकनाथ महाराज. गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या, कपाळावर बुक्का.

"आकडे खोटं बोलत नाहीत, माउली!" महाराजांनी चिपळ्या वाजवल्या. "माणूस खोटं बोलतो. डॉक्टर बोलतो. मशीन बोलतं. आकडा? आकडा म्हणजे साक्षात ब्रह्म! सातने भागलं. कोण गेले भागून?"

"सप्तर्षी!" सभागृह गर्जलं.

"आता अकरा. अकरा कोण?"

"एकादश रुद्र!"

हरीश आमच्या मराठी मंडळाचा सचिव. एवढे आकडे मोबाइलमध्ये मावेनात, म्हणून त्याने ऑफिसचा लॅपटॉप आणला होता. त्याने अकरा दाबले. पुन्हा बाकी शून्य.

"आता तेरा! त्रयोदशाक्षरी रामनाम!"

हरीशने तेरा दाबले आणि तो खुर्चीतून उठलाच. भिंतीवर उमटलं होतं: ३४७०००३४७.

महाराज आसनावरून खाली उतरले. माझी सून ऊर्मिला दोन वर्षांच्या शमिकाला कडेवर घेऊन पुढे उभी होती. तिच्याजवळ जाऊन त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"बघ गं पोरी. देवाचं नाव घेऊन तीन आकडी अंक लिही म्हटलं, तू तीनशे सत्तेचाळीस लिहिलास. चार दिशांना चार वेळा मांड म्हटलं, मांडलास. आता बघ काय उरलं. इकडे लेकराचा अंक, तिकडे लेकराचा अंक. हे दोन कान. आणि मधे?"

"शून्य," ऊर्मिला पुटपुटली.

"शून्य, शून्य, शून्य! अडथळा विरघळला!"

ऊर्मिला हुंदके देऊ लागली. तिच्या खांद्यावर मान टाकलेली शमिका मात्र एवढ्या गदारोळात शांतपणे आईच्या मंगळसूत्राशी खेळत होती. कारण तिला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढे एकशे एकने भागून झालं. मग महाराजांनी हरीशच्या कानात एक 'बीज' सांगितलं. गुरूंनी म्हणे हिमालयात दिलेलं. हरीशने दाबलं ९९०१. आणि भिंतीवर फक्त ३४७ उरले.

"लेकराचा अंक लेकराला परत! दोष गेला!"

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

मी प्रभा. शमिकाची आजी. कऱ्हाडच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि लहानपणापासून गावात कीर्तन असेल तिथे पहिल्या रांगेत बसले. बुवांनी पूर्वरंग सुरू केला की माझी तहानभूक हरपते. आजही. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही. नातीसाठी डिसेंबरात इथे आले, आणि सगळ्यात जास्त आठवण आली ती झांजांची. त्यामुळे मंडळाच्या पत्रकावर 'अंककीर्तन' असं वाचलं तेव्हा मीच गौरांगला म्हणाले होते, "अरे, आपण जाऊ या." तेव्हा त्या सभागृहात माझ्या लेकाला आणि सुनेला नेलं ते मीच. हे आधी सांगितलेलं बरं.

शमिका जन्मापासून बहिरी. कळलं मात्र दीड वर्षाची झाल्यावर. कानामागची यंत्रं लावून पाहिली, काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हा क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी कानाच्या आतल्या शंखात तार बसवायची शस्त्रक्रिया सुचवली. गुरुवार, बावीस मार्च हा टेर्मिन ठरला. टेर्मिन म्हणजे ठरलेली वेळ. या देशात ती देवाच्या मुहूर्ताहून पक्की असते. आदल्या सोमवारी, एकोणीस तारखेला सकाळी, होकार कळवायचा होता. नाही कळवला तर पुढचा टेर्मिन थेट सप्टेंबरात. आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, मेंदू ऐकायला शिकतो तो पहिल्या काही वर्षांतच. गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आणि महाराजांनी काय सांगावं? एकशे एक दिवस त्या महासंख्येचं अनुष्ठान करा. त्यांनी दिलेला ताम्रपट पोरीच्या कानामागे बांधा. "आणि तोवर डोक्याला लोखंड लावू नका. लोखंड शिरलं की अंक तुटला!"

त्या रात्रीच्या जेवणाला गौरांग म्हणाला, "आई, मी टेर्मिन पुढे ढकलतोय."

"काय म्हणालास?"

"एकशे एक दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सप्टेंबर म्हणजे सहा महिने होतात, गौरांग. तू इंजिनिअर ना रे?"

"म्हणूनच! मी उगाच विश्वास ठेवत नाहीये. मी स्वतः पडताळलंय. घरी आल्यावर पाचही भागाकार ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर केले. एकाही ठिकाणी दशांश चिन्हानंतर काही नाही. गेनाऊ. तंतोतंत."

"अहो आई," ऊर्मिला हलकेच म्हणाली, "अंक मी निवडला होता हो. महाराजांना कुठे माहीत होता?"

"भागाकार बरोबर आहे याचा अर्थ पोरगी बरी होते असा कसा झाला?"

गौरांगने चमचा आपटला. "मग तू सांग! तू पाहिलंस का ते चित्र, डॉक्टरांनी दाखवलेलं? कवटीला भोक पाडणार आहेत, आई. एवढ्याशा डोक्याला. ड्रिलने. मी रोज ड्रिल बघतो, मला माहितीये ड्रिल काय असतं ते."

माझा मुलगा महाराजांना भुलला नव्हता. तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी "ड्रिल नको" एवढं म्हणणारा हवा असतो. महाराजांनी ते म्हटलं, आणि वर आकड्यांची पावती जोडून दिली.

पण आकड्यांच्या पावत्या तपासण्यात मी जन्म घालवलाय.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गौरांग कामावर गेला. तो एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे. सुटे भाग बरोबर झालेत की नाहीत ते तपासतो. शमिका झोपली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. कॅल्क्युलेटर घेतला नाही. मला त्याचा राग नाही, पण तो उत्तर दाखवतो आणि वाट लपवतो. हाताने गणित केलं की वाट दिसते.

दोन दिवस मी वेगवेगळे आकडे चार-चार वेळा लिहून भागत बसले. ५१२ झाले, ८०९ झाले. सगळे निःशेष. म्हणजे ऊर्मिलाच्या अंकात विशेष काही नव्हतं, एवढं कळलं. पण का, ते कळेना. बुधवारी स्वतःवरच चिडले. प्रभाबाई, वर्गात पोर अडलं की काय सांगत होतात? "गणित अवघड वाटतंय ना? मग आधी सगळ्यात सोपी संख्या घालून बघ."

सगळ्यात सोपी संख्या म्हणजे एक. तीन आकड्यांत लिहायचा तर ००१. तो चार वेळा मांडला. पुढची शून्यं गळली आणि उरली १००१००१००१.

सातने भागलं: १४३०००१४३.
अकराने: १३००००१३.
तेराने: १०००००१.
एकशे एकने: ९९०१.

आणि मी पेन्सिल खाली ठेवली. ९९०१! हिमालयातलं बीज माझ्यासमोर, भाजीच्या टोपलीशेजारी, आपलं आपण येऊन पडलं होतं.

कीर्तनात बुवा मूळ पद गातात, मग दृष्टांत देत देत चार गावं फिरवून आणतात आणि शेवटी पुन्हा त्याच पदावर येऊन उभे राहतात. श्रोते माना डोलावतात. पण ते पद आभाळातून पडत नाही. बुवांनीच सुरुवातीला ते हातात धरलेलं असतं. इथेही तसंच होतं. ऊर्मिलाचे तीनशे सत्तेचाळीस परत आले, कारण चार वेळा लिहून घेताना महाराजांनीच ते आत ठेवले होते. बुवा ते प्रेमाने करतात, आपल्याला काही समजावं म्हणून. या माणसाने तेच माझ्या नातीच्या बहिरेपणाचा फायदा उठवायला वापरलं होतं. मला गणिताचा राग आला नाही, कीर्तनाचा तर नाहीच. पण नारदाच्या गादीवर उभं राहून हा धंदा? माझं डोकं भणाणून गेलं.

संध्याकाळी मी कागद गौरांगपुढे ठेवला. त्याने पाहिलाच नाही.

"आई, पोरीच्या बाबतीत तरी वाद नको." आणि तो खोलीत निघून गेला.

ठीक आहे, म्हटलं. मग वाद तिथेच होईल, जिथे टाळ्या वाजल्या होत्या.

पुढच्या रविवारी सभागृहात गर्दी दुप्पट. श्टुटगार्टहून, त्सुफेनहाउझेनहून लोक आले होते. ताम्रपटांसाठी दारापर्यंत रांग. आमच्याबरोबर ऊर्मिलाची मैत्रीण धम्मदीपाही होती. ती एर्लांगेनला श्रवणयंत्रांवर संशोधन करते. टेर्मिन मोडणार असं ऊर्मिलाने फोनवर सांगितल्यावर पहाटेची गाडी पकडून आली होती.

भागाकार झाले, टाळ्या झाल्या. महाराज म्हणाले, "कोणाला काही शंका?" तशी धम्मदीपा उठली.

"मला एक विचारायचंय. या अनुष्ठानाने ऐकू यायला लागलेलं एक तरी मूल दाखवाल का? आधीची आणि नंतरची श्रवणचाचणी?"

महाराज गोड हसले. "ताई, आपलं नाव?"

"धम्मदीपा."

"अच्छा, अच्छा." त्यांनी सभागृहाकडे पाहून एक डोळा बारीक केला. "म्हणजे तुमच्याकडे देव नाहीच. ज्याच्या मनात देव नाही, त्याला अंकातला देव कसा दिसणार? चाचणी म्हणे! बसा, ताई, बसा."

काही लोक हसले. धम्मदीपा उभीच राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला तिच्यापेक्षा त्या हसणाऱ्यांची लाज वाटली.

मी उठले.

"माझ्या मनात आहे, महाराज."

"काय, माउली?"

"देव. माझ्या मनात आहे. ही माळ बघा. साठ वर्षं कीर्तन ऐकतेय. तेव्हा मला ते कारण सांगून बसवता यायचं नाही. तिने विचारलेला प्रश्न तिचा नाही, माझा आहे. माझी नात आहे ती. उत्तर द्या."

"आई!" गौरांग कुजबुजला. "खाली बस."

"नाही बसत. हरीश, तुझ्या सायकलच्या कुलुपाचा आकडा काय रे?"

हरीश गोंधळला. "काकू, तो इथे सांगितला तर सायकल जाईल माझी."

"बाहेर पाऊस आहे, कोणी नेत नाही. सांग."

हशा पिकला. "पाचशे ब्याऐंशी," हरीश म्हणाला.

"चार वेळा लिही. भाग सगळ्यांनी."

सात, अकरा, तेरा, एकशे एक, नऊ हजार नऊशे एक. भिंतीवर ५८२.

"आता त्या भिंतीवरचं लाल नळकांडं, आग विझवायचं. त्यावर काय आकडा आहे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "दोनशे सहा!"

"लिही."

झालं. २०६ परत.

"महाराज, सायकलच्या कुलुपाचा दोष गेला. नळकांड्याचाही गेला. आता त्यांना ऐकू येणार का?"

हसण्याची लाटच उठली. महाराजांनी चिपळ्या वाजवून आवाज चढवला. "माउली, ही चेष्टा नाही! सगळ्या अंकांत तोच ईश्वर आहे, म्हणूनच सगळे निःशेष होतात!"

"सगळे होत नाहीत. हरीश, तीनशे सत्तेचाळीस एकदाच लिही, चार वेळा नको. सातने भाग."

हरीशने भागलं. "एकोणपन्नास आणि... बाकी चार."

"एकदा लिहिलं तर सप्तर्षी येत नाहीत. चारदा लिहिलं तर धावत येतात. म्हणजे करामत अंकात नाही, चारदा लिहिण्यात आहे. फळा आहे का इथे?"

फळा नव्हता. हाउसमाइस्टर दारात उभा राहून गंमत बघत होता; हरीशने त्याला जर्मनमध्ये काही विचारलं आणि तो आतून मोठ्या कागदांचं स्टँड आणि जाड पेन घेऊन आला. मी व्यासपीठावर चढले. महाराज बाजूला झाले नाहीत, मग मीच त्यांना म्हटलं, "जरा सरका."

"मुलांनो," मी म्हणाले. सवयच ती. समोर चाळिशीतले व्यवस्थापक बसले होते, पण कोणी हरकत घेतली नाही. "सात गुणिले अकरा?"

"सत्त्याहत्तर!"

"गुणिले तेरा?"

"एक हजार एक!"

"त्याला एकशे एकने गुणा. एक लाख एक हजार एकशे एक. आता त्याला महाराजांच्या बीजाने, नऊ हजार नऊशे एकने गुणायचं. दहा हजारपट करा आणि नव्व्याण्णवपट वजा करा." मी कागदावर मांडलं. १०११०१०००० वजा १०००८९९९. "किती?"

पेन्सिली नव्हत्या, पण ओठ हलत होते. पुढच्या रांगेतली एक मुलगी आधी म्हणाली, "एक शून्य शून्य एक शून्य शून्य एक शून्य शून्य एक."

मी ते ठळक लिहिलं: १००१००१००१. "बघा किती देखणी संख्या आहे. चार एक, आणि दोघांच्या मधे दोन-दोन रिकाम्या खुर्च्या. हिला कोणत्याही तीन आकडी संख्येने गुणलं की काय होतं? ती संख्या प्रत्येक एकाच्या जागी जाऊन बसते. तीन आकड्यांना तीन जागा. एकमेकांना धक्का लागत नाही, हातचा येत नाही. म्हणून तीनशे सत्तेचाळीस गुणिले ही, बरोबर तीनशे सत्तेचाळीस चार वेळा. म्हणजे अंक चार वेळा लिहिताना आपण नकळत या संख्येने गुणतो. आणि मग महाराज काय करतात? तिचेच पाच तुकडे करून एकेकाने भागतात. आधी गुणलं, मग त्यानेच भागलं. अंक परत येणार नाही तर जाणार कुठे?"

"आणि मधली तीन शून्यं?" ऊर्मिलाने विचारलं. "ते दोन कान?"

"पहिल्या तिघांनी भागलं की दहा लाख एक उरतात, बाळा. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक. त्यात तुझा अंक दोन्ही टोकांना बसतो. मधे रिकामं राहतं. ते कान नाहीत गं. ती मोकळी जागा आहे."

महाराजांच्या कपाळावर बुक्का घामाने ओघळला होता. "पण ते बीज!" ते म्हणाले. "नऊ हजार नऊशे एक! ते मला गुरूंनी हिमालयात दिलं!"

"दहा लाख एकला एकशे एकने भागलं की ते मिळतं. त्यासाठी हिमालय कशाला? स्वयंपाकघरातलं टेबल पुरतं. बुधवारी दुपारी मिळालं मला, मटार सोलायच्या आधी."

आता मात्र सगळं सभागृह हसलं. महाराजांनी हात वर केला. "हसा! हसा! पण ही संख्या कोणी निर्माण केली? देवानेच ना?"

"केली असेल. मी तसंच मानते. आणि म्हणूनच मला राग येतो. देवाने ती सगळ्यांसाठी केली, कुलुपासाठी आणि नळकांड्यासाठीसुद्धा. ती कोणाला बरं करत नाही आणि कोणाला आजारी पाडत नाही. इतकी सुंदर गोष्ट तुम्ही एका बहिऱ्या पोरीच्या आईबापांना फसवायला वापरलीत. देवाचं नाव घेऊन. तुम्हाला लाज नाही वाटली?"

मला त्यांचं उत्तर नकोच होतं. मला एकाच माणसाकडून उत्तर हवं होतं, आणि तो तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला होता.

"गौरांग, उभा राहा."

तो उभा राहिला. चौतीस वर्षांचा आहे, पण उभा राहिला.

"तुमच्या कारखान्यात भाग तपासायला मापक असतं ना? छिद्र बरोबर आहे की नाही ते बघायला?"

"हो. असतं."

"समज, एखादं मापक असं आलं की ते प्रत्येक भागाला 'बरोबर' म्हणतं. चांगला घाला, बरोबर. वाकडा घाला, बरोबर. फुटलेला घाला, तरी बरोबर. काय करशील त्याचं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. मग गौरांग म्हणाला, "भंगारात टाकीन."

"का?"

"कारण ते काही मोजतच नाही." तो माझ्याकडे वळला. "आई, मी भागाकार तपासला. मापक तपासलंच नाही."

"तू घाबरला होतास रे. मीही घाबरलेय. त्या ड्रिलला मी काय घाबरत नाही? पण भीती वाटते म्हणून पोरीचे महिने या माणसाला द्यायचे का?"

तेव्हा धम्मदीपा गौरांगजवळ गेली. "गौरांग, मी तुला खोटी खात्री देणार नाही. धोका असतो. कमी असतो, पण असतो. ऐकू यायला लागलं तरी शिकायला वर्षं लागतात. काही मुलांना कमी फायदा होतो. हे सगळं आम्ही मोजतो आणि लिहून ठेवतो. जिथे जमलं नाही तेही लिहितो. तुला हवे तर ते कागद दाखवते, बसून वाचू."

"दाखव," गौरांग म्हणाला.

ऊर्मिलाने शमिकाच्या कानामागचा ताम्रपट सोडला आणि महाराजांच्या आसनावर नेऊन ठेवला. त्या एका कृतीने माझ्या सगळ्या गुणाकारापेक्षा जास्त काम केलं. रांगेतली माणसं एकेक करून मागे फिरली. सगळी नाही. सात-आठ जणांनी त्यानंतरही ताम्रपट घेतले, एक बाई मला म्हणाल्याही, "तुमचं गणित बरोबर असेल हो, पण घेऊन ठेवायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "तुम्ही कशाच्या बदल्यात घेताय त्यावर ते आहे. औषधाच्या बदल्यात असेल, तर हरकत आहे." त्या घेऊनच गेल्या.

त्या रात्री गौरांग आणि धम्मदीपा जेवणाच्या टेबलावर दोन तास कागद वाचत बसले. सोमवारी आठ वाजता त्याने क्लिनिकला फोन लावला. मी शेजारच्या खोलीतून ऐकलं: "या, गेनाऊ. डोनर्सटाग. वियर कॉमेन." हो, नक्की, गुरुवारी आम्ही येतो आहोत.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. साडेतीन तास. मी बाहेर बसून नामस्मरण केलं. का नाही करायचं? त्याने माझे हात थरथरायचे थांबले. आत ज्यांचे हात थरथरून चालणार नव्हते, ते मात्र शिकून-सवरून आलेले होते.

महिनाभराने यंत्र सुरू केलं तेव्हा पोर दचकली आणि भोकाड पसरून रडली. हसली नाही, "आजी" म्हणाली नाही. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मग आठवड्यातून दोनदा शिकवणी, घरी रोज सराव. हा डबा वाजतोय, हा नळ. कुठे वाजलं? शोध बघू. कधी ती शोधायची, कधी नाही. जूनमध्ये मी परत निघाले तेव्हा पाठीमागून दार आपटलं की ती मान वळवायची. दहापैकी सात वेळा. गौरांग रोज तक्त्यात लिहून ठेवायचा. न वळवलेल्या तीन वेळाही लिहायचा.

कीर्तनावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्यांना माझं एक सांगणं आहे, आणि कॅल्क्युलेटर खिशात बाळगणाऱ्यांनाही तेच. आकडा खरा आहे की नाही एवढंच बघून थांबू नका. त्या आकड्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध काय, ते विचारा. कोणी म्हणालं, या संख्येने दोष जातो, तर त्याला सांगा: जिच्याने जात नाही अशी एक संख्या दाखव. दाखवता आली नाही तर समजा, त्याच्याकडे कसोटीच नाही. देवाला यातलं काही विचारायची गरज नाही. कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि अडलं तर एकापासून सुरुवात करा.